मौनातला घास

खिरापत ओळखायचा गोंधळ संपला, डब्यांची झाकणं निघाली आणि यमुनाने कागदी बशीतली वाटली डाळ चिमटीत धरून तोंडात घातली, त्याच क्षणी पलीकडून उल्कावहिनी म्हणाल्या, "आता यमुनाताईंना काही विचारू नका हं कुणी. त्यांनी घास घेतला." एवढंच. त्यात नवं काही नव्हतं. चातुर्मासात यमुना मौनानं जेवते हे इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिला घास तोंडात गेला की चूळ भरून होईपर्यंत शब्द नाही, मग ती पंगत असो की चहाबरोबरचं एखादं बिस्किट. सत्तावीस वर्षं हा नेम चालला होता. स्वातीने नेहमीप्रमाणे फिरकी घेतली, "आमच्या घरी हे व्रत मी आमच्या ह्यांना देणार आहे. चार महिने कशाला, बाराही महिने!" आणि बायका हसल्या. उल्कावहिनी मात्र हसल्या नाहीत. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या त्या छोट्या हॉलमध्ये, जमिनीवर डाग नकोत म्हणून पुठ्ठ्यावर काढलेल्या हत्तीशेजारी, लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसलेल्या उल्कावहिनी गंभीरपणे म्हणाल्या, "थट्टा नका करू बाई. कॉलेजात साहेबासमोर, मिटिंगमध्येसुद्धा मोडत नाहीत त्या. जीभ अशी ताब्यात ठेवायची म्हणजे सोपं आहे का?" आणि यमुनाच्या तोंडातली डाळ तोंडातच राहिली. गिळता येईना. वर बोलायचीही सोय नाही. लिंबाचा आंबटपणा गालाच्या आत चरचरत राहिला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हिरवी मिरची लागल्यामुळे आलं असं समजून कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला. मान हलवून आभारही मानले. मान हलवली हे तिचं तिलाच जाणवलं आणि ती दचकली.

हॉल पाचला रिकामा करून द्यायचा होता. खुर्च्या एकावर एक रचल्या, पुठ्ठ्यावरच्या हत्तीची गुंडाळी झाली, राहिलेली डाळ डब्याडब्यांतून वाटली गेली, आणि यमुना नवऱ्याला, श्रीनिवासला, फोन न करता चालतच घरी निघाली. ऑक्टोबरातला रविवार, रस्त्यावर चेस्टनटची तपकिरी फळं पडलेली, हवेत ओल्या पानांचा वास. आपण मान हलवू शकतो. हे साधं वाक्य तिच्याबरोबर चालत होतं. घरी तर सत्तावीस वर्षं ती मौनात अख्खं घर चालवत आली होती. मीठ हवं असेल तर तीन बोटं एकमेकांवर चोळायची. पोळी नको असेल तर ताटावर तळवा आडवा धरायचा. मुलगा नील लहान असताना भाजी लपवायला लागला की नुसती भुवई उचलायची. ते पोर म्हणायचं, आई बोलत असते तेव्हा परवडते. एकदा गॅसवर दूध उतू जात होतं तेव्हा तिने चमच्याने ताट असं वाजवलं होतं की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. म्हणजे नेम जिभेचा होता. हाताचा नव्हता, मानेचा नव्हता. मग गुरुवारी, कॉलेजातल्या त्या लांबट टेबलापाशी, तिचे हात आणि तिची मान कुठे गेली होती?

गुरुवारच्या मिटिंगबद्दल ती तीन दिवस स्वतःला एकच गोष्ट सांगत आली होती. मिटिंग जेवणाच्या वेळेला ठेवली होती, आपण घास घेतलेला होता, आपला नाइलाज झाला. कॉलेजात मोठ्या माणसांना शाळेतलं राहून गेलेलं गणित आणि इंग्रजी शिकवायचा जो विभाग होता, त्यात यमुना अठरा वर्षं शिकवत होती. पंधरा वर्षं तासांच्या हिशोबाने, दर जूनला पुढच्या वर्षी बोलावतील का या धास्तीत, आणि गेली तीन वर्षं कायमची. नवी विभागप्रमुख जिलियन, यमुनापेक्षा वीस वर्षांनी लहान, झपाझप चालणारी, मनाने वाईट नाही, तिने या उन्हाळ्यात सगळे कोर्स नव्याने आखायला घेतले होते. जुनी पद्धत शिडीसारखी होती: येईल त्याला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवायचं, आणि वर्ष लागो, दोन वर्षं लागोत, चढेल तसं चढू द्यायचं. नवी पद्धत अशी की आल्या आल्या कॉम्प्युटरवर चाचणी घ्यायची, राष्ट्रीय परीक्षेच्या जे जवळ असतील त्यांना दहा आठवड्यांत पक्कं करून पास करून घ्यायचं, आणि जे फार खाली असतील त्यांच्या हातात दुसरीकडच्या वर्गांच्या पत्त्यांचं एक पत्रक द्यायचं. त्या पत्रकातले दोन पत्ते बंद पडलेले आहेत हे यमुनाला माहीत होतं. सगळ्यात खालच्या पायरीचा वर्ग म्हणजे बुधवारी सकाळचा वर्ग. यमुनाचा. बारा जणांचा. त्यात गोदामात काम करणारा डेरेक होता, ज्याला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं की अर्धा आणि दोन चतुर्थांश एकच. एका शाळेत भांडी घासणाऱ्या दोघी सोमाली बहिणी होत्या. आणि मागच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून, उल्कावहिनी होत्या.

उल्कावहिनी तिथे येतात हे मंडळात कुणालाही माहीत नव्हतं. डॉक्टर चंद्रशेखरांनाही नाही. ते समजत की बायको बुधवारी पोहायला जाते. घरातून निघताना त्या पिशवीत टॉवेल घालायच्या आणि परत जाताना कॉलेजच्या बाथरूममध्ये तो नळाखाली ओला करायच्या. मागच्या वर्षी पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात यमुनाला पाहून त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. परत फिरणार तोच यमुनाने त्यांचा हात धरून आत आणलं आणि हजेरीपटावर नुसतं 'उल्का पी.' लिहिलं. तास संपल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं झाली ताई इथं. कऱ्हाडजवळच्या खेड्यातली मी, मराठी सातवी झालेली. ह्यांचं स्थळ आलं, लग्न झालं, विमानात बसले. फॉर्म आला की हे भरायचे, पत्र आलं की हे वाचायचे. मी चांगली साडी नेसून शेजारी उभी. कुणाला कळलं नाही. तुम्हालातरी कळलं होतं का?" नव्हतं कळलं. मंडळात त्या नेहमी डॉक्टरांची बायको म्हणूनच वावरायच्या, इंग्रजीतली कार्यक्रमपत्रिका हातात आली की पर्समध्ये चष्मा शोधायला लागायच्या, आणि चष्मा कधी सापडायचा नाही. "मग आता का?" यमुनाने विचारलं होतं. "अन्वीसाठी. नात. तिला झोपवताना पुस्तक दाखवून गोष्ट सांगायची मी, चित्रं बघून, मनाची. दोन वर्षं छान चाललं. आता ती शाळेत जाते. परवा पानावर बोट ठेवून म्हणाली, आजी, हे असं नाही लिहिलंय." एवढं सांगून उल्कावहिनी हसल्या होत्या, आणि मग बराच वेळ पदराच्या टोकाने चष्म्याची काच पुसत बसल्या होत्या.

आणि जेवणातलं ते मौन गुरुवारी, बुधवारचा वर्ग बंद करायचं ठरत असताना, त्याच वर्गावर उलटलं. नाही, असंही म्हणता येणार नाही, यमुनाने फाटक उघडता उघडता स्वतःला थांबवलं. मौन कुणावर उलटत नाही, मौन बिचारं मौन असतं. घरात श्रीनिवास टीव्हीवर बागकाम बघत होता. "कसा झाला भोंडला?" त्याने विचारलं. "छान," ती म्हणाली आणि देवापाशी गेली. संध्याकाळचा दिवा लावायचा, रामरक्षा म्हणायची, जपाची माळ ओढायची. आईने सासरी पाठवताना दिलेली माळ होती ती, तुळशीची, मण्यांवर बोटांची गुळगुळीत चमक आलेली. मौनाचा नेमही आईनेच सांगितलेला. साउथहॅम्प्टनला, श्रीनिवासला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा, पहिल्याच हिवाळ्यात यमुनाने पत्रात रडगाणं लिहिलं होतं की इथे दिवसदिवस बोलायला कुणी नाही. आईचं उत्तर आलं, पोस्टकार्ड, दोन ओळी: बोलायला कुणी नाही तर ते देवाला दे, जेवताना मौन धर, म्हणजे ते तुझं होईल. तेव्हा ते किती खरं वाटलं होतं. नको असलेली गोष्ट वाहिली की तिची पूजा होते. आज माळ ओढताना तिला वाटलं, हवी असलेली गोष्ट वाहिली तर? लपायला जागा हवी होती म्हणून नेम वाहिला तर? माळ मध्येच थांबली. कितवा मणी होता ते कळेना. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पुन्हा विसरली.

सोमवारी नीलचा ब्रिस्टलहून फोन आला. विमानांच्या पंखांची गणितं करणारा हा मुलगा मराठी बोलायचा तेव्हा वाकडंतिकडं पण मनापासून बोलायचा. यमुनाने त्याला मिटिंगची हकिकत सांगितली, जशी ती स्वतःला सांगत आली होती तशीच, नाइलाजाची. मग तो म्हणाला, "पण आई, तू हात वर करू शकली होती ना? तुझा मौन आहे, पण तू पॅरलाइज्ड तर नाही." "अरे, एवढ्या लोकांत..." "नाही, आय मीन, जिलियनने विचारला ना, एनीवन अगेन्स्ट? मग हात वर. बोलायचा नाही काही." "तू जेवलास का?" तिने विचारलं. नील हसला. "आई, हा तुझा नेहमीचा आहे. काही नको असला की जेवलास का." फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मुलाला कळलं नव्हतं की त्याने काय म्हटलं. किंवा कळलं होतं.

मग तिने ते पाहिलं. त्याच्याकडे पाहायचं टाळत ती चार दिवस त्याच्याभोवती फिरत होती. गुरुवारी कार्यक्रमपत्रिका तिच्यासमोर होती. मुद्दा चार: बुधवारचा वर्ग. टेबलाच्या मधोमध सँडविचचं ताट होतं. तिच्यासमोर तिचा डबा, त्यात थालीपीठ. बाकीचे पहिल्या मुद्द्यापासून खात होते. तिने डबा बंद ठेवला होता, कारण मुद्दा दोनमध्ये तिचा तक्ता होता आणि तिला बोलायचं होतं. तो तक्ता तिने स्वतः केला होता, दोन रविवार खर्चून, पाच वर्षांत कोण कुठल्या पायरीवर आला आणि कोण परीक्षा पास झाला याचा, रंगीत, रेषा आखून. जिलियन म्हणाली होती, "आमच्याकडे खरी गणिती एकच आहे." आणि यमुना, पुण्यात गणितात पहिल्या वर्गात बीएस्सी झालेली यमुना, छप्पन्न वर्षांची, शाळकरी मुलीसारखी सुखावली होती. तक्त्यातली सगळ्यात खालची पट्टी जवळजवळ रिकामी होती. बुधवारच्या वर्गातून पास झालेला माणूस दर दोन वर्षांत एक. हे आकडे तिचे. ती पट्टी तिनेच फिकट पिवळ्या रंगात रंगवलेली, कारण दुसरा रंग उरला नव्हता. त्या पट्टीत डेरेकचे दोन चतुर्थांश कुठेच दिसत नव्हते. हे तिला तेव्हाही दिसलं होतं. मुद्दा तीन संपत आला, जिलियनने कागद उलटला, आणि यमुनाने डबा उघडला. थालीपिठाचा तुकडा मोडला. हातात धरला. थांबली. जिलियन म्हणाली, "ओके, आयटम फोर," आणि तेव्हा, बरोबर तेव्हाच, यमुनाने तो तोंडात घातला.

त्यानंतरचं सगळं किती सुरळीत झालं. जिलियनने कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, "यमुनाला आता डिस्टर्ब करायचं नाही, शी इज ऑब्झर्व्हिंग," आणि शेजारी बसलेल्या जेफने आदराने आपल्या सँडविचच्या कागदाची आवाज न करता घडी केली. कुणाच्या धर्माचा मान कसा राखायचा याचं त्या सगळ्यांना नुकतंच ट्रेनिंग झालं होतं. आठ मिनिटं चर्चा झाली. "यमुनाच्या बायका कुठे जातील?" असं जेफने विचारलं, आणि जिलियन म्हणाली, "पत्रक आहे ना." एनीवन अगेन्स्ट? कुणी नाही. यमुना चावत होती. तो तुकडा केव्हाच विरघळला होता, तरी ती चावत होती.

'यमुनाच्या बायका'. तिथे आणखी एक पायरी खाली उतरायची होती, आणि ती उतरायला यमुनाला दोन आठवडे लागले. या दोन आठवड्यांत दोन बुधवार गेले. दोन्ही बुधवारी ती वर्गात गेली, फळ्यावर तारीख लिहिली, आणि काही बोलली नाही. उल्कावहिनींनी विचारलं, "ताई, जानेवारीत आपण परीक्षेचं पुस्तक घेणार ना?" तेव्हा ती म्हणाली, "बघू या." तोंडात घास नव्हता. एका दुपारी बसची वाट पाहताना, काही कारण नसताना, तिला साउथहॅम्प्टनमधली ती खोली आठवली. एकोणऐंशी साल. नोकरी शोधून देणाऱ्या सरकारी ऑफिसात टेबलामागच्या बाईने तिच्या पुण्याच्या सर्टिफिकेटकडे पाहिलंही नाही. तिला एका बाकावर बसवून एक कागद पुढे केला. घड्याळात किती वाजले. सात आणि आठ किती. बाकावर आणखी चारपाच बायका होत्या, कुणी पंजाबी, कुणी कुठल्या, त्यांतली एक बोटांवर मोजत होती आणि यमुनाकडे पाहून ओळखीचं हसली. जणू आपण दोघी एकच. यमुनाने कागद एका मिनिटात सोडवला, उलटा ठेवला, आणि त्या बाईकडे पाठ केली. तेव्हा अंगावर जो काटा आला होता तो अपमानाचा होता असं ती इतकी वर्षं समजत आली होती. गुरुवारी जेफने 'यमुनाच्या बायका' म्हटलं तेव्हा तोच काटा पुन्हा आला. कारण आदल्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये उल्कावहिनींनी तिला लांबून मराठीत हाक मारली होती, "अहो ताई, ते टी एच कुठलं म्हणायचं?", मोठ्याने, आनंदाने, आणि जिलियन शेजारून जात होती, आणि यमुनाने ऐकलंच नाही असं दाखवलं होतं. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर थांबला, आणि यमुना चढलीच नाही. तिला वर्ग बंद व्हायला हवा होता असं नाही. नाही, तसं नाही. पण त्या बाकावर पुन्हा बसायचं नव्हतं. खाली उरलेल्यांची बाई म्हणून नव्हे, तर तक्ते करणारी बाई म्हणून तिला त्या टेबलापाशी बसायचं होतं. आणि त्यासाठी फक्त एक घास वेळेवर घ्यायचा होता.

पुढच्या मिटिंगच्या दिवशी तिने डबा नेला नाही. पहाटे आंघोळ करून देवाला हात जोडताना काय मागावं तेच सुचेना. नेहमीचं 'सगळ्यांचं भलं कर' इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याला हात लावायचीही लाज वाटली. मिटिंगमध्ये पहिला मुद्दा मागच्या मिटिंगचा वृत्तांत मंजूर करण्याचा. इंग्रजांच्या या रिवाजाचं तिला पूर्वी हसू यायचं. झालेलं ते झालं, त्यावर पुन्हा होय-नाही कसलं? आज तिला तो रिवाज दयाळू वाटला. झालेलं एकदा पुन्हा समोर ठेवतात आणि विचारतात, हे असंच झालं ना? वृत्तांत लिहिणारी पॉलीन पेन धरून तयार होती. जिलियन म्हणाली, "सगळं बरोबर? अॅग्रीड?" आणि यमुना म्हणाली, "मुद्दा चार. तिथे 'सर्वांनी मान्य केलं' असं लिहिलंय. ते बरोबर नाही." सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे?" जिलियनने विचारलं, मऊ आवाजात, खरंच समजून घ्यायला. "तू तर तिथे होतीस." पुढचं वाक्य तयार होतं. मी विरोधात आहे. मी तेव्हाही विरोधात होते. मी मुद्दाम गप्प बसले. पहाटेपासून ती ते इंग्रजीत घोकत होती. ते गळ्यापर्यंत आलं, आणि तिथे त्याच्याऐवजी दुसरंच काहीतरी सुटलं. "आय वॉज ईटिंग," ती म्हणाली.

क्षणभर कुणालाच कळेना. मग जेफ हसला, वाईट अर्थाने नाही, आणि त्या हसण्याने सगळे मोकळे झाले. "आपण सगळेच खात होतो, डिअर," पॉलीन म्हणाली. जिलियनही हसली, पण लगेच सावरून, ट्रेनिंगमधलं काहीतरी आठवल्यासारखी, गंभीर झाली. "यमुनाला ते नोंदवायचं असेल तर आपण नोंदवू. पॉलीन, लिही. काय लिहायचं, यमुना?" अजूनही दार उघडं होतं. अजून. डबा नव्हता, घास नव्हता, जीभ मोकळी होती, समोर एक चांगली बाई वाट पाहत होती. "एवढंच," यमुना म्हणाली. "एवढंच लिहा." आणि पॉलीनने ते लिहिलं.

नवा वृत्तांत मंगळवारी कॉलेजातल्या तिच्या टपालाच्या खणात आला. तिने तो घडी करून बॅगेत टाकला, जणू नजरेआड करण्यासारखी ती एवढीच गोष्ट होती. बुधवारी वर्गात घरच्या कागदांचा तास होता. ही यमुनाचीच जुनी पद्धत, की वाचायचं ते पाठ्यपुस्तकातलं नाही, ज्याच्या त्याच्या घरात आलेला खरा कागद. गॅसचं पत्र, शाळेची सूचना, दवाखान्याची चिठ्ठी. खरा कागद वाचता आला की माणूस खुर्चीत सरळ बसतो, हे तिने अठरा वर्षं पाहिलं होतं. डेरेकने युनियनचं पत्र वाचलं. सोमाली बहिणींनी मिळून औषधाच्या खोक्यावरची सूचना वाचली. उल्कावहिनींनी अन्वीच्या शाळेची सहलीची सूचना अडखळत, पण कुठेही मनाचं न घालता, अखेरपर्यंत वाचली, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. तास संपला, सगळे गेले. उल्कावहिनी रेंगाळल्या. टॉवेल ओला करायचा होता, त्यांना घाई नव्हती. "ताई, काल रात्री तिला एक अख्खं पुस्तक वाचून दाखवलं. बारा पानं. तिने एकदाही बोट नाही ठेवलं." त्यांचा चेहरा असा उजळला होता की यमुनाने नजर फळ्याकडे वळवली आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला. "अजून आहे का एखादा कागद? अवघड असला तरी चालेल. आज जीभ चालतेय."

आता सांगायला हवं होतं. उल्कावहिनी, ख्रिसमसनंतर हा वर्ग नाही. इतके सोपे शब्द, आणि मराठीतले, घरातले. यमुनाने तोंड उघडलं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, साखळीचा आवाज येत होता. तिने तोंड मिटलं, बॅग उघडली आणि तो कागद काढून बाकावर ठेवला. ठेवतानाच तिला कळलं की आपण काय करतोय. हेही आपण बोलणार नाही. हेही हिलाच करायला लावणार. तरी हात मागे घेतला नाही.

"ऑफिसचा दिसतो," उल्कावहिनी म्हणाल्या, चष्मा नाकावर नीट बसवत. पहिल्या बोटाने ओळ धरली. "मिनिट्स. ऑफ. द. लास्ट... वाय के. म्हणजे तुम्ही?" यमुनाने मान हलवली. "वाय के... नोटेड... दॅट... शी... वॉज... ईटिंग. ईटिंग!" त्यांनी वर पाहिलं, आणि खुदकन हसल्या. "अगबाई! तुम्ही जेवत होता, हेसुद्धा लिहितात? काय तरी बाई एकेक यांचं." "पुढे वाचा," यमुना म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. बोट खालच्या ओळीवर उतरलं. "टू. द... वे... वेन्सडे. ते डी म्हणायचं नाही ना? वेन्सडे. ग्रूप." त्या खूश झाल्या. "आपला! विल..." पुढच्या शब्दापाशी बोट थांबलं. तो शब्द त्यांना वाचावा लागलाच नाही. गेली तीस वर्षं दुकानांच्या दारांवर त्यांनी तो पाहिला होता, इंग्रजी वाचता येत नव्हतं तेव्हासुद्धा तो तेवढा त्यांना यायचा. "क्लोज," त्या म्हणाल्या. मग हळू, एकेक अक्षर उचलून बाजूला ठेवल्यासारखं, "ऍट. ख्रिसमस."

बोट पूर्णविरामावर टेकलेलं राहिलं. त्यांनी ओळ पुन्हा एकदा, मनातल्या मनात, ओठ हलवत वाचली. यमुना बाकाच्या कडेला धरून उभी होती; मधल्या ओळीत न लिहिलेलं सगळं आता तिला सांगायचं होतं, आणि कुठून धरावं ते कळत नव्हतं. उल्कावहिनींनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अजून आला नव्हता. तिथे फक्त विद्यार्थ्याची ती जुनी, भित्री शंका होती, आपलंच काहीतरी चुकलं असेल अशी.

"बरोबर वाचलं ना मी, ताई?"

"बरोबर," यमुना म्हणाली. "बरोबर वाचलंत."